नाव लागलं म्हणजे मालकी आली का?

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य उरकायच्या आत एक प्रश्न निघतो: नॉमिनी कोण आहे? ज्याचं नाव निघतं, तो फ्लॅटचा, ठेवींचा आणि दुकानाचा मालक झाला असं सगळे धरून चालतात. भावाबहिणींचे वर्षानुवर्षांचे अबोले इथून सुरू होतात, आणि मुळात समजूतच चुकीची असते.

नॉमिनी हा पैसे किंवा मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस. बँकेने नॉमिनीला ठेव दिली की बँक मोकळी होते, कारण प्रत्येक वारसाला शोधत बसणं तिला शक्य नसतं. पण ती रक्कम नॉमिनीने वारसांच्या वतीने सांभाळायची असते. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच हे सांगितलं होतं. शेअर्सच्या बाबतीत कंपनी कायद्यामुळे वेगळा नियम लागतो का, यावर बराच वाद चालला. तो डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येजदानी खटल्यात संपला: तिथेही नॉमिनी मालक होत नाही. गृहनिर्माण सोसायटीसाठी 2019 साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात दुरुस्ती झाली आणि नॉमिनीला तात्पुरता सभासद करण्याची तरतूद आली. कायम सभासदत्व ठरतं ते मृत्युपत्रावरून किंवा वारसाहक्कावरून. समजा फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, सोसायटीत नॉमिनी थोरला मुलगा आहे, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, मुलगा आणि दोन मुली आहेत आणि वडिलांची आई हयात नाही. हिंदू वारसा कायद्याने चौघांनाही प्रत्येकी पाव हिस्सा मिळतो. मुलाचा एकट्याचा फ्लॅट होत नाही.

विम्याला मात्र एक अपवाद आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी म्हणून पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं असतील, तर सर्वसाधारणपणे ती रक्कम त्यांच्याच हक्काची होते. म्हणून प्रत्येक फॉर्म भरताना विचार करायला हवा.

मग मृत्युपत्र करू म्हटलं, तर पुढची अडचण पुढे येते. त्याला स्टॅम्प पेपर हवा, नोंदणी सक्तीची, वकीलही लागतोच, असं लोक सांगतात. यातलं काहीच कायद्याला आवश्यक नाही. साध्या कागदावर लिहिलेलं, करणाऱ्याने सही केलेलं आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर साक्षांकित केलेलं मृत्युपत्र चालतं. तरीही मी नोंदणी करून घ्या म्हणेन, कारण पुढे कोणी सही नाकारली तर तो कागद खंबीर उभा राहतो. साक्षीदार मात्र वयाने लहान आणि तब्येतीने धडधाकट निवडा. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांच्यापैकी एकाला तरी बोलवावं लागतं. आणि नोंदवलेलं मृत्युपत्र कायमचं झालं हेही खरं नाही. नंतरचं साध्या कागदावरचं, पण रीतसर केलेलं मृत्युपत्र ते बदलू शकतं. मुस्लीम कायद्याने वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, तर गोव्यात मुलांचा निम्मा वाटा राखीव असतो, हे त्या त्या घरांनी ध्यानात ठेवावं.

सर्वांत जास्त अन्याय मात्र मुलींच्या बाबतीत होतो. ‘लग्नात दिलं ना, आता तिचा काय संबंध?’ हे वाक्य अजूनही शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येतं. लग्नात दिलेल्या दागिन्यांनी मुलीचा वारसाहक्क संपत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढची कित्येक वर्षं वेगवेगळे निकाल येत राहिले. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरून काढता येत नाहीत. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात; तिथे मुलाचाही जन्मसिद्ध हक्क नसतो.

या हक्काला वळसा घालायला हक्कसोडपत्राचा वापर होतो. भाऊ म्हणतो, ‘ताई, फक्त इथे सही कर, सातबारा सोपा होईल.’ नोंदणी न केलेलं हक्कसोडपत्र स्थावर मालमत्तेबाबत चालत नाही, ही बहिणीच्या दृष्टीने दिलाशाची गोष्ट. पण दुय्यम निबंधकापुढे जाऊन सही केली, तर हिस्सा खरोखर जातो. माहेर टिकावं म्हणून हक्क सोडणाऱ्या बहिणी खूप आहेत. निदान आपण नेमकं काय सोडतोय, हे त्यांना कळायला हवं. सही करण्याआधी कागद घरी नेऊन दुसऱ्याकडून वाचून घेण्यात कसला संकोच?

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन माझी, हाही असाच समज. सातबारा हा महसुली अभिलेख. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरला जातो, पण मालकी त्यातून जन्माला येत नाही. ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून येते. फेरफार झाला नाही म्हणून वारसाचा हिस्सा जात नाही, आणि नुसत्या फेरफाराने परक्याला तो मिळतही नाही.

दुकान किंवा गाळा भाड्याने देणारे हमखास ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. मालकाला दंडाची किंवा तुरुंगवासाची शिक्षाही होऊ शकते.

गुमास्ता परवान्यावर नाव आहे म्हणून दुकानाची जागा आपली, असं समजणारेही भेटतात. ती कामगार कायद्याखालची नोंद आहे; जागेच्या मालकीशी तिचा संबंध नाही.

भागीदारीबद्दल मात्र आपण फार निष्काळजी असतो. करारात वेगळी तरतूद नसेल, तर एक भागीदार गेला की भागीदारी विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल, तर करारात काहीही लिहिलेलं असलं तरी एकटा उरलेला माणूस भागीदारी चालवू शकत नाही. गेलेल्याचा मुलगा आपोआप भागीदार होत नाही. त्याला वडिलांच्या हिश्श्याचा हिशेब मिळतो. आणि भागीदारी नोंदवलेली नसेल, तर करारातले पैसे वसूल करायला त्या भागीदारीला कोर्टात दावा लावता येत नाही. समोरचा मात्र तिच्यावर दावा लावू शकतो.