गाडीतला वायुभारमापक

मलकापूरहून बुलडाण्याला येणारा रस्ता आधी पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून जातो. मोताळा मागे पडते, राजूर घाट लागतो आणि तो चढून आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर येतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर, तर बुलडाणा सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या चढणीत प्रवाशाला हवा जराशी गार झाल्याचे जाणवते, पण हवेचा दाब कमी झाल्याचे कळत नाही. गाडीच्या इंजिनाला मात्र तो कळावा लागतो. त्यासाठी इंजिनावर एक छोटा वायुभारमापक बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘मॅप सेन्सर’ म्हणतात. ‘मॅनिफोल्ड ॲब्सोल्यूट प्रेशर’ या शब्दांचे हे लघुरूप. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी. या नळीतील निरपेक्ष दाब हा सेन्सर मोजतो.

हा दाब कशासाठी मोजायचा? एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून दर खेपेस सिलिंडरमध्ये किती हवा शिरली, हे ठाऊक असल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचे ते ठरवता येत नाही. हवा तराजूत घालता येत नाही, पण वायूचे नियम आपल्या मदतीला येतात. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. हवेचे तापमान दुसरा सेन्सर सांगतो. मग दाब कळला की वस्तुमान काढता येते, कारण आकारमान व तापमान कायम असता वायूचे वस्तुमान दाबाच्या समप्रमाणात असते. गाडीतला संगणक हेच गणित सेकंदाला अनेक वेळा करतो. जुन्या कार्ब्युरेटरला हे जमत नसे. घाट चढल्यावर हवा विरळ होई आणि पेट्रोलचे प्रमाण नकळत वाढे. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे निकष कडक झाले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांमुळे बहुतेक दुचाकींतही इंधन फवारणीची पद्धत आली. काही गाड्यांत हवेचा प्रवाह थेट मोजतात, परंतु अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हे काम मॅप सेन्सरवरच सोपवलेले असते.

सेन्सरच्या पोटात सिलिकॉनचे एक अतिशय पातळ पटल असते. त्याच्या एका बाजूस कायमची बंद केलेली निर्वात पोकळी आणि दुसऱ्या बाजूस मॅनिफोल्डची हवा. दाब बदलला की पटल किंचित वाकते. सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले होते. पटलावरचे असे चार रोध व्हीटस्टन सेतूच्या पद्धतीने जोडलेले असतात. सेतूचे संतुलन जितके ढळेल त्या प्रमाणात सेन्सर विद्युतदाब देतो. पुरवठा ५ व्होल्टचा असतो आणि सेन्सरकडून येणारा संदेश साधारणपणे अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान असतो.

आता बिघाडाकडे वळू. मॅनिफोल्डमध्ये खरा दाब ३५ किलोपास्कल असताना सेन्सरने ५० सांगितला, तर संगणक चाळीस टक्क्यांहून अधिक पेट्रोल सोडायला निघेल. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही मर्यादेपर्यंत सावरतो. त्यापुढे काळा धूर, पेट्रोलचा वास, घटलेले ॲव्हरेज ही लक्षणे दिसतात. सेन्सरने दाब कमी सांगितला, तर पेट्रोल अपुरे पडून गाडी धक्के खाते, चढावर दम टाकते. मीटरमधला इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर ‘पी ०१०७’ (संदेश फार कमी) किंवा ‘पी ०१०८’ (संदेश फार जास्त) असा संकेतांक उमटतो. तो पाहून लगेच नवा सेन्सर बसवला जातो, आणि पुष्कळदा दुखणे तसेच राहते. कारण संकेतांक केवळ एवढेच सांगतो की येणारा संदेश विश्वासार्ह नाही. दोष सेन्सरचा, वायरचा, रबरी नळीचा की इंजिनाचा, हे शोधणे आपल्याकडेच उरते.

हा शोध प्रयोगशाळेतल्या शिस्तीने करता येतो. पहिली पायरी मल्टिमीटरची. चावी फिरवावी, पण इंजिन चालू करू नये. सेन्सरकडे येणाऱ्या वायरवर ५ व्होल्ट आहेत का आणि अर्थची वायर शाबूत आहे का, ते पाहावे. पुरवठाच नसेल तर सेन्सर बदलून उपयोग नाही. वायर घासून उघडी पडली असेल किंवा कनेक्टरच्या पिनांवर गंज चढला असेल, तर दोष तेथेच आहे.

दुसरी पायरी वाचनाची. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणून स्कॅनरवर दिसणारा दाब त्या गावच्या वातावरणाच्या दाबाइतका असला पाहिजे. येथे एक मोठा चकवा आहे. पुस्तकांत १०१ किलोपास्कल हा आकडा दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. बुलडाण्यात सेन्सर ९४ दाखवतो म्हणून तो बाद ठरवला, तर चांगला सेन्सर फुकट जाईल. प्रमाण वातावरणाच्या सूत्राने मलकापूरला सुमारे ९८.४ आणि बुलडाण्यास सुमारे ९३.८ किलोपास्कल दाब येतो. ऋतूप्रमाणे यात एखाद्या किलोपास्कलचा फरक पडतो. हवामानवृत्तातला आकडाही येथे वापरता येत नाही, कारण तो समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला असतो. शाळेतील वायुभारमापक मात्र उपयोगी पडतो.

तिसरी पायरी इंजिन चालू करून. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना सिलिंडर हवा ओढतात आणि मॅनिफोल्डमधला दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. वाचन उतरलेच नाही, तर सेन्सरला जाणारी नळी तडकली आहे का, काजळीने तुंबली आहे का, ते पाहावे. अर्धवटच उतरले, तर मॅनिफोल्डमध्ये कोठून तरी हवा शिरत असेल. तेव्हा सेन्सर खरे बोलतो आहे आणि इंजिन आजारी आहे, असेही असू शकते.

हा संशय फेडण्यासाठी चौथी पायरी, आणि ती शाळेतही करता येण्याजोगी आहे. इंजिन बंद करून सेन्सर सुटा करावा, पण त्याच्या वायरी जोडलेल्या ठेवाव्यात. तीन तोंडांची एक जोडनळी घ्यावी. एक तोंड सेन्सरला, दुसरे मोठ्या सिरिंजला आणि तिसरे दीड मीटर लांबीच्या पारदर्शक नळीला जोडावे. नळीचे खालचे टोक जमिनीवरील पाण्याच्या बादलीत बुडवावे. आता चावी फिरवून सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ओढावा. पाणी बरोबर एक मीटर चढले की वाचन ९.८ किलोपास्कलने उतरले पाहिजे. पाणी सेन्सरमध्ये शिरू नये म्हणून सेन्सर नळीच्या वरच्या टोकाशी ठेवावा. फरक बरोबर आला, पण दुसऱ्या पायरीचे वाचन चुकीचे होते, तर ती शून्य त्रुटी होय, व्हर्नियर कॅलिपरमध्ये असते तशीच. फरकच चुकीचा आला, तर सेन्सरची संवेदनक्षमता बिघडली आहे. पुरवठा ठीक असताना वाचन हललेच नाही, तर सेन्सर बदलणे योग्य.

याच तत्त्वावरचा एक प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समध्ये झाला. ब्लेज पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिये पाऱ्याची नळी घेऊन प्यूइ द डोम हा डोंगर चढले आणि माथ्यावर पारा उतरलेला त्यांना आढळला. आज आपण दाब मोजतो ते एकक पास्कलच्याच नावाचे आहे. राजूर घाट चढताना पारा सुमारे साडेतीन सेंटिमीटर उतरेल. गाडीतला सेन्सर निरोगी असेल, तर तोही मलकापूर आणि बुलडाणा यांच्यात सुमारे साडेचार किलोपास्कलचा फरक दाखवील. दोन्ही गावी गाडी सुरक्षित जागी उभी करून आणि इंजिन बंद ठेवून ही वाचने विद्यार्थ्यांना घेता येतील. कोणत्याही उपकरणावर खोटेपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी, आपल्याला स्वतंत्रपणे ठाऊक असलेल्या राशीशी त्याचे वाचन ताडून पाहावे, ही सवय त्यांना या प्रयोगातून लागेल.