गादी वाळते, कारण तसंच राहतं

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय इथून फार लांब नाही. तरीही घरातल्या मोठ्या माणसाचं अंथरूण ओलं झालं की पहिली घाई दवाखान्याची नसते. शेजारी उठायच्या आत चादर धुवायची असते.

‘हे लहान पोरांचं दुखणं’ हा समज इथूनच बळावतो. प्रत्यक्षात शंभर प्रौढांत एखाद-दुसऱ्याला हा त्रास असतो, फक्त कुणी बोलत नाही. काहींचा तो लहानपणापासून थांबलेलाच नसतो. मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रात्री लघवी कमी तयार होऊ देतं. ते अपुरं पडलं, तर साधारण ३०० ते ५०० मिलीलिटर मावणारं मूत्राशय पहाटेपर्यंत पुरत नाही. त्यात आळस नाही, हट्ट नाही. बऱ्याचदा हे घराण्यातच चालत आलेलं असतं.

वर्षानुवर्षं कोरडं असलेलं अंथरूण अचानक भिजायला लागलं, तर मात्र कारण शोधायलाच हवं. मधुमेह, लघवीचा संसर्ग, जुनी बद्धकोष्ठता, दारू, झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या काही गोळ्या, झोपेत येणारी फीट, यांपैकी काहीही असू शकतं. (गोळीचा संशय आला तरी ती परस्पर बंद करू नका.) घोरण्याचाही संबंध असतो, हे ऐकून पुष्कळांना हसू येतं. झोपेत श्वास अडकत राहिला की हृदयावर ताण येतो, त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. श्वासावर उपचार झाले की अनेकांची गादीही कोरडी राहते.

सगळ्यात महागात पडणारा समज एकच: ‘आजोबांचं वय झालं, चालायचंच.’ प्रोस्टेट वाढून वाट अरुंद झाली की लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. ती महिनोन्‌महिने साचते आणि मूत्राशय इतकं हळूहळू ताणलं जातं की दुखतही नाही. म्हणून आजोबा ठामपणे सांगतात, ‘लघवीला चांगली होते की, रात्रीत पाचदा उठतो!’ झोपेत स्नायू सैल पडले की काठोकाठ भरलेल्या रांजणासारखं ते सांडतं. आतला दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं, आणि घरचे मात्र नवं प्लास्टिक अंथरत असतात. उतारवयातल्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं, तर साठलेल्या लघवीची शंका आधी घ्यावी. लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे साध्या सोनोग्राफीत दिसतं. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं की अंथरूण भिजणं बहुधा लगेच थांबतं. पुढचा इलाज त्यानंतर ठरतो.

‘पाणी तोडा’ हा सल्ला तर प्रत्येक घरात मिळतो. दिवसभर तहान मारली तर घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते, आणि साखर वाढलेल्या माणसाला शरीरातलं पाणी घटणं धोक्याचं. पाणी दिवसा भरपूर प्यावं, झोपायच्या आधीचे दोन तास कमी करावं, संध्याकाळनंतर चहा टाळावा. काळे तीळ आणि गूळ खाऊ घालणारेही आहेत. निदान साखर तपासून मग गूळ द्या.

औषधच नाही, असंही नाही. व्हॅसोप्रेसिनचं काम करणारं डेस्मोप्रेसिन मिळतं. पण त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः म्हाताऱ्यांत. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून ते आणू नये.

लघवी अडली, पाय लुळे किंवा बधिर पडले, बसायच्या जागेची संवेदना गेली, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठावं. थंडी-ताप व कंबरदुखी असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दाखवावं. एरवी नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करायला हरकत नाही. लघवी, साखर, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी एवढ्यावर बरंच कळतं. जाण्याआधी तीन दिवस मापाच्या भांड्याने लघवी मोजून वेळेसकट वहीत लिहून ठेवा. आणि केबिनमध्ये शिरल्यावर ‘जरा उष्णता झालीय’ म्हणू नका. त्यावर सब्जा नि धण्याचं पाणीच मिळेल. ‘झोपेत अंथरूण ओलं होतं’ असं स्पष्ट सांगा.