प्रोजेक्टरचा नवा दिवा घेताना



२०१५ नंतरच्या काळात आपल्या राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत प्रोजेक्टर आले. कुठे लोकवर्गणी जमली, कुठे बाहेरगावी नोकरीला असलेल्या मंडळींनी हात दिला. वर्गातल्या भिंतीवर ज्वालामुखी उसळताना दिसू लागला, हृदय कसे चालते ते दिसू लागले. काही घरांतूनही आता असे यंत्र असते. सुट्टीत पाहुणे जमले की अंगणात पांढरी चादर बांधून चित्रपट लावतात. मग एके दिवशी चित्र अंधुक होते, यंत्रावरची तांबडी खूण लुकलुकू लागते आणि कोणीतरी सांगतो, “दिवा गेला.” किंमत विचारावी तर ती काही हजारांत निघते. तिथून पुढे बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर यंत्र कपाटात जाऊन पडते, नाहीतर जो सगळ्यांत स्वस्त मिळेल तो दिवा आणून बसवतात आणि तो दोन-तीन महिन्यांत जातो. दोन्हींत पैसा वर्गणीदारांचा जातो आणि शिकणे राहते ते मुलांचे. हे टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी हा दिवा असतो तरी कसा, ते आधी पाहू.

उजेडापुढे चित्र धरायचे आणि भिंगातून ते मोठे करून पडद्यावर पाडायचे, ही युक्ती जुनीच. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडात पडद्यावर हलती करून दाखवली. त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव होते. यंत्रे पुष्कळ बदलली, पण एक गरज तीच राहिली. भिंगाला उजेड नुसता भरपूर असून भागत नाही, तो लहानशा जागेतून निघावा लागतो. ट्यूबलाइट खोलीभर उजेड देते खरी, पण तिचा उजेड सबंध नळीभर पसरलेला, तो भिंगात गोळा होत नाही.

या कामासाठी फिलिप्स कंपनीने १९९५ साली एक नव्या तऱ्हेचा दिवा काढला. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये आज याच जातीचे दिवे असतात. त्यात साध्या बल्बसारखी तार नसते. टंगस्टन धातूची दोन टोके समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा असते. त्या फटीत पाऱ्याच्या वाफेतून विजेची ठिणगी सतत जळत राहते. दिवा चालू असताना आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो ती वातावरणाच्या दोन-सव्वादोन पट दाबाने. म्हणजे चाकाच्या जवळजवळ शंभर पट दाब बोराएवढ्या काचेत कोंडलेला असतो, आणि तोही तापून लाल होईल इतक्या उष्णतेत. म्हणून ही काच साधी नसते, जाड क्वार्ट्झची असते. असा दिवा बनवणे हे बारकाईचे काम आहे. किंमत जास्त का आणि नकली दिवा धोक्याचा का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यातच आहे.

हा दिवा एकदम जातो असेही नाही. टोके झिजतात, काच हळूहळू धुरकट होते आणि उजेड उतरत जातो. खोक्यावर ४००० तास लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुधा असा की तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो.

आता पहिला प्रश्न. दिवाच गेला आहे कशावरून? पुष्कळदा दोष भलतीकडेच असतो. हवा आत जाण्याची जाळी धुळीने बुजली असेल तर यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. भिंगावर धूळ बसली असेल तर चित्र फिके दिसते. दिव्याचे झाकण नीट बसले नसेल तर यंत्र सुरूच होत नाही, कारण झाकणाखाली सुरक्षेसाठी एक कळ असते. चित्रावर एकाच ठिकाणी पिवळा किंवा निळा डाग दिसत असेल तर बिघाड बहुधा आतल्या चित्रपट्टीचा असतो, नव्या दिव्याने तो जात नाही. तेव्हा आधी जाळी आणि भिंग साफ करा, झाकण पाहा आणि यंत्राच्या यादीत ‘दिव्याचे तास’ किती झालेत ते वाचा. तास तीन-चार हजारांवर गेले असतील, चित्र सगळीकडे सारखेच अंधुक किंवा पिवळसर झाले असेल, तर दिव्यावर संशय घ्यायला जागा आहे. आणखी एक गोष्ट. एलईडीवर किंवा लेझरवर चालणाऱ्या यंत्रांत असा बदलायचा दिवाच नसतो. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे त्याच्या माहितीपुस्तकात मिळते.

दिवाच गेला हे ठरले, मग दुकानात काय मागायचं? “प्रोजेक्टरचा बल्ब द्या” एवढ्याने काम होत नाही. पंपाचा सुटा भाग आणताना आपण पंपाच्या पाटीवरचा क्रमांक लिहून नेतो, तसेच इथे करायचे. दोन क्रमांक लागतात. एक यंत्राचा. तो यंत्राच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर असतो. दुसरा दिव्याचा. तो माहितीपुस्तकात असतो आणि जुन्या दिव्याच्या चौकटीवरही छापलेला असतो. एप्सनच्या दिव्यांचा क्रमांक ‘ईएलपीएलपी’ या अक्षरांनी सुरू होतो, व्ह्यूसॉनिकच्या पुष्कळ दिव्यांचा ‘आरएलसी’ने. सगळी अक्षरे आणि सगळे आकडे उतरवून घ्या. यंत्राच्या नावातले शेवटचे एक अक्षर वेगळे असले तरी दिवा वेगळा निघू शकतो. दिवा किती वॅटचा, तेही लिहा. यंत्रातला वीज पुरवणारा भाग ठराविक वॅटसाठीच केलेला असतो. जास्त वॅटचा दिवा घातला म्हणून उजेड वाढत नाही, बिघाड मात्र होतो.

बाजारात तीन तऱ्हेचे दिवे मिळतात. पहिला, यंत्राच्या कंपनीचा स्वतःचा, चौकटीसह. हा सर्वांत महाग. दुसऱ्यात चौकट भलत्याने केलेली, पण आतला काचेचा दिवा नावाजलेल्या कारखान्याचा असतो. अशा दिव्यांवर फिलिप्स, ओसराम, उशिओ अशी नावे छापलेली आढळतात. हा बराच स्वस्त पडतो आणि खरा असेल तर कामही चांगले देतो. तिसऱ्यात चौकटही नकली आणि दिवाही नकली. पंचाईत अशी की दुसरा आणि तिसरा दिसायला सारखेच असतात. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, “चौकट राहू द्या, आतला दिवा कोणी केलेला?” उत्तर देताना तो घुटमळला तर उठून यावे. दिला, तर कारखान्याचे नाव पावतीवर लिहून घ्यावे.

काही दुकानदार चौकटीशिवाय नुसता काचेचा दिवा देतात आणि “जुन्या चौकटीत बसवून घ्या” म्हणतात. पैसे वाचतात हे खरे. पण ती एक मिलिमीटरची ठिणगी आरशाच्या नेमक्या केंद्रात आली पाहिजे, तारा घट्ट बसल्या पाहिजेत. हे हाताची सवय असलेल्या कारागिराचे काम आहे. तो जवळपास नसेल तर चौकटीसहच दिवा घ्यावा.

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल, लॉट क्रमांक पाहतो आणि पक्की पावती जपून ठेवतो. हीच सवय इथे उपयोगी पडते. पावतीवर दिव्याचा क्रमांक, तारीख आणि हमीची मुदत असावी. दिव्याची हमी यंत्राच्या हमीपेक्षा बरीच थोडी असते. कधी ती महिन्यांत मोजतात, कधी तासांत, म्हणून ती नीट वाचावी. पुढे लागेल म्हणून आगाऊ दिवा आणून कपाटात ठेवला तर हमीचे दिवस खोक्यातच संपून जातात. टपालाने किंवा कुरिअरने मागवला असेल तर खोके उघडताना फोनवर चित्रण करून ठेवा, म्हणजे फुटका निघाल्यास पुरावा राहतो. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते.

आता पैशाचा हिशेब करू. वर्गातल्या मुलांनाही तो घालता येईल. समजा, खरा दिवा १२,००० रुपयांना मिळाला आणि ४००० तास चालला. तासाला खर्च पडला ३ रुपये. नकली दिवा ४,००० रुपयांना मिळाला आणि ८०० तासांत गेला. तासाला खर्च पडला ५ रुपये. तालुक्याला पुन्हा घातलेल्या फेऱ्या आणि बुडालेले तास वेगळेच. तेव्हा दिव्याचा भाव खोक्यावर पाहू नये, तासावर पाहावा. दुसरा हिशेब वर्षांचा. शाळेत रोज दोन तास आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला ४०० तास होतात. ४००० तासांचा दिवा या हिशेबाने दहा वर्षे पुरावा. तो दोन वर्षांतच गेला असेल तर नवा आणण्याआधी कारण शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. घरी रोज तीन तास यंत्र चालत असेल तर तोच दिवा पावणेचार वर्षांच्या आत उतरेल. आणि यंत्रच जुनाट झाले असेल, दिव्याची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याजवळ जात असेल, तर त्यात पैसा घालण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीत विचार व्हावा.

दिवा बसवणे अवघड नाही, पण घाई करू नये. यंत्र बंद करून पिन काढा आणि निदान तासभर थंड होऊ द्या. मुले वर्गात नसावीत. झाकणाचा आणि चौकटीचा स्क्रू सैल करून, दांडीला धरून जुना दिवा सरळ बाहेर ओढा. नवा दिवा चौकटीलाच धरा. काचेला बोट लावू नका, बरं का. बोटाचे तेल आणि घामातले क्षार तापलेल्या क्वार्ट्झवर डाग पाडतात आणि काच त्या जागी कमकुवत होते. बोट लागलेच तर स्वच्छ कापडाला स्पिरिट लावून पुसा आणि सुकू द्या. दिवा पूर्ण आत बसला, झाकण लागले, की यंत्राच्या यादीत जाऊन तासांची नोंद शून्यावर आणा.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ‘दिवा बदला’ ही सूचना जावी म्हणून काही जण जुन्याच दिव्याचे तास शून्यावर आणतात. सूचना जाते, पण काच झिजलेलीच राहते. असा दिवा मुदतीपलीकडे चालवला तर तो मोठा आवाज होऊन फुटू शकतो. तसे झाले तर पाऱ्याची वाफ खोलीत येते. सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, अर्धा तास तरी आत जाऊ नका. नंतर तुकडे हाताने उचलू नका, केरसुणीनेही झाडू नका. जाड कागदाने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. यंत्राच्या आतले तुकडे माहितगाराकडून काढून घ्या. यंत्र छताला टांगलेले असेल तर झाकणाच्या बरोबर खाली उभे राहू नका.

जुना दिवा उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नये. त्यातला पारा थोडाच, पण पारा मातीत मुरला की नाहीसा होत नाही. जपानमधल्या मिनामाता या गावी समुद्रात सोडलेल्या कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली तो रोग उघडकीस आला. २०१३ चा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो. आपल्याकडे पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. तेव्हा जुना दिवा नव्याच्या खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

शेवटी, नवा दिवा टिकावा म्हणून काय करावं? खेड्यात त्याचा मोठा वैरी म्हणजे अचानक जाणारी वीज. दिवा तापलेला असतानाच पंखा थांबतो आणि उष्णता आत कोंडते. म्हणून यंत्राला पेलेल असा इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडावा. तो पाठ संपेपर्यंत चालला नाही तरी चालेल, पंखा थांबेपर्यंत चालला तरी पुष्कळ. यंत्र बंद करताना भिंतीवरचे बटण एकदम दाबू नका, आधी यंत्राचे बटण दाबा आणि पंखा थांबू द्या. बंद केल्याबरोबर लगेच पुन्हा सुरू करू नका. जाळी महिन्यातून एकदा साफ करा, उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हा दोनदा. खोलीत अंधार करता येत असेल तर ‘इको’ ही कमी उजेडाची सोय वापरा, तिने दिव्याचे तास वाढतात. आणि एक छोटी वही यंत्राजवळ टांगून ठेवा. दिवा कधी आणला, कोठून, कितीला, बसवताना तास किती होते आणि जाळी कधी साफ केली, ते तीत लिहीत जा. वही लिहिण्याचे काम सातवीच्या मुलामुलींकडे द्या. गुरुजींची बदली झाली तरी ती वही शाळेत राहील, आणि पुढच्या वेळी दिवा घ्यायला जाणाऱ्याच्या हाती नेमका क्रमांक असेल.