बारा काड्यांचा घन आणि मीटरभर काठी

आमच्या घरी एप्रिलमध्ये गच्चीवर जुनी लुगडी अंथरली जात. गहू तीन दिवस भिजायचा, पाणी रोज बदलायचं, त्याला आंबूस वास यायचा. मग वाटून, पिळून, गाळून ठेवलेल्या पाण्यात रात्रीतून पांढरा थर तळाशी बसायचा आणि पहाटे मोठ्या पातेल्यात कुरडयांचा चीक रटरटू लागायचा. वाटीभर चिकासाठी आम्ही न उठवता उठायचो. गव्हातला चिवट भाग चोथ्यात राहतो आणि तळाशी बसतो तो स्टार्च, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आता मुलांच्या उन्हाळी विज्ञान शिबिरांत शिकवायला जाते, तेव्हा पहिल्या दिवशी घरचा चीकच घेऊन जाते. त्यावर आयोडीनचा थेंब पडला की निळाकाळा डाग उमटतो. पापडखाराचं पाणी हळदीच्या कागदावर लावलं की कागद लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणाच्या जोरावर. मुलं हे आजीला सांगायला धावत घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आजी शिबिरात येऊन बसते.

शिबिरांची आता वाण नाही. शहरात मार्च संपायच्या आत पत्रकं दारात येतात. रोबो, ड्रोन, रॉकेट, सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. त्यातली काही शिबिरं मनापासून चालवलेली असतात. पण पुष्कळ ठिकाणी सुट्या भागांचा तयार संच मुलाच्या हाती येतो, सूचनांप्रमाणे जोडणी होते, दिवा लागतो, फोटो निघतो. मुलाला अडायला वावच मिळत नाही. फी मोजलेल्या पालकांना पाचव्या दिवशी काहीतरी चालताना दिसायला हवं असतं, हे मी समजू शकते. तरीही मुलाचे पाच दिवस त्यासाठी खर्ची पडावेत, हे मला पटत नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत नव्वदच्या दशकात सुरू झालेला शालेय विद्यार्थ्यांचा उन्हाळी उपक्रम म्हणूनच मला मोलाचा वाटतो. आठवी-नववीची काही मुलं एक आठवडा एका शास्त्रज्ञाबरोबर घालवतात. ठरीव अभ्यासक्रम नसतो. आठवड्यात काय करायचं ते शास्त्रज्ञ आणि मुलं मिळून ठरवतात. जयंत नारळीकरांनी संस्थेची घडी बसवताना शाळकरी मुलांना कधी पाहुणं मानलं नाही. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात दडलेले पु. ल.

या शोधिकेत २००३ ते २०१४ अरविंद गुप्ता काम करत होते. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडून ते पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले आणि १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेत महागडं साहित्य कुठून येणार? त्यांनी काडेपेटीतल्या काड्या घेतल्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे बाजू. त्रिकोण केला तर तो हलत नाही. चौकोन केला तर तो बोटाच्या धक्क्याने तिरपा होतो. छपराच्या कैच्या आणि लोखंडी पूल त्रिकोणांनी का भरलेले असतात, ते मुलाच्या बोटांना कळतं.

मी घन करायला सांगते. बारा काड्या, आठ कोपरे. घन उभा राहतो आणि लगेच मान टाकतो. पहिल्या शिबिरात मला ते बघवलं नव्हतं. मी पुढे होऊन लांब तिरप्या काड्या घालून दिल्या आणि सगळ्यांचे घन ताठ झाले. दुसऱ्या दिवशी एकाही मुलाला तो परत करता आला नाही. तेव्हापासून मी हात मागे बांधून बसते. कुणी काड्या बदलतं, कुणी सांध्याला दोरा गुंडाळतं. मग कुणीतरी एका बाजूवर कर्ण टाकायला जातं आणि काडी पुरत नाही. काडी मोठी हवी, पण किती मोठी? खराट्याचा हीर आणला जातो, मोजून तोडला जातो. पाच सेंटिमीटरच्या चौरसाला सात सेंटिमीटरहून किंचित जास्त. सहाही बाजूंना कर्ण लागले की घन जागचा हलत नाही. दोनचं वर्गमूळ पुस्तकात भेटण्याआधी त्या मुलांना असं हिराच्या मापात भेटतं.

मुलांना नेण्याजोग्या जागा आणखीही आहेत. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सुट्टीतले वर्ग भरतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेते आहे. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये उभारला, आणि हाताने काम करत शिकणं म्हणजे काय ते तिथे जाऊनच बघावं. आई-वडिलांना बरोबर न्यायचं असेल तर ओहोटीच्या वेळी गिरगावच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर उतरावं. शंखात राहणारे खेकडे आणि समुद्री गोगलगायी तिथे घोट्याएवढ्या पाण्यात दिसतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात. वाळू तापली की घरट्यातून माद्या जास्त निघतात, हे ऐकल्यावर मुलं वाळूत हात खुपसून बघतात. काजव्यांच्या रात्रींबद्दल मात्र माझं मन आता कचरतं. अंधारातच एकमेकांना खुणा करणाऱ्या त्या किड्यांवर गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या पडत असतील, तर मुलांना तिथे न नेलेलं बरं.

आणि जी मुलं कुठल्याच शिबिराला जात नाहीत, त्यांचं काय? बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या घरातल्या मुलांच्या वर्षात मे हाच गावी निवांत असण्याचा महिना. शाळेला तेव्हा कुलूप असतं. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे तरी मागून घ्यावी आणि आत पंधरा दिवस काड्या, नळ्या, काठ्या, पाणी घेऊन बसावं, असं मला फार वाटतं. दोनदा जमलं, एकदा नाही जमलं.

काठी म्हटलं, कारण मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकत जातो आणि भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. गोव्यात २-३ मेच्या सुमारास, कोल्हापुरात ६-७, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नागपुरात २६. जुलै-ऑगस्टमध्ये तो परत फिरतो, पण तेव्हा आभाळ झाकलेलं असतं. बघायचं ते सुट्टीतच. कोल्हापूरकडच्या माझ्या शिबिरातल्या एका मुलीचा मामेभाऊ नागपूरचा. कोल्हापुरात सावली हरवली त्या दुपारी तिने त्याला फोनवरून मीटरभर काठीची सावली मोजायला लावली. दोघांचा आधी वाद झाला, कारण त्याच्याकडे मध्यान्ह वीसेक मिनिटं आधीच होऊन जाते. ज्याने त्याने आपापल्या मध्यान्हीला मोजायचं, असं ठरलं. सावली भरली साडेआठ सेंटिमीटर. दोन गावांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४९० किलोमीटर. सावलीवरून कोन काढला, त्रैराशिक मांडलं, आणि पृथ्वीचा घेर आला सव्वाछत्तीस हजार किलोमीटरच्या आसपास. खरा आहे चाळीस हजार.

दोघंही हिरमुसली. सावली आठ सेंटिमीटरच्या थोडी आतच यायला हवी होती. मग तिनेच हिशेब उलटा केला : काठीचं टोक पाऊण सेंटिमीटर कललं असेल तरी एवढा फरक पडतो. ‘‘दादा, तू काठी सरळ धरलीच नव्हतीस,’’ ती फोनवर ओरडली. संध्याकाळी ती गल्लीतल्या गवंडीकाकांकडे गेली आणि पुढच्या मे महिन्यासाठी त्यांचा ओळंबा आत्ताच सांगून ठेवला. नागपूरला पाठवायला आणखी एक मिळेल का, तेही विचारून आली.