हात न लावता तपासणी होत नाही

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये काठेवाडातील एका शिक्षकाची हकिकत आहे. हा शिक्षक अस्पृश्य समाजातला. त्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते.

त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. जुलाब, मग धाप, बरगड्यांत कळा. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या बड्या माणसांकडे विनवण्या झाल्या, दोन रुपये फीची हमी मिळाली, तेव्हा तो आला; पण वस्तीबाहेरच तपासेन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने ते परत गेले. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि औषध पाठवून दिले. पुन्हा पाहायला तो आला नाही. ती माउली गेली.

ही हकिकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचत आलो आहोत. आरोग्याच्या पानावर ती आणखी एका अंगाने वाचायला हवी. त्या रात्री ताप मोजला गेला. रोगी तपासला गेला नाही.

तपासणीच्या चार पायऱ्या

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षांत शिकवतात की आधी रोग्याला विचारायचे आणि मग चार प्रकारे तपासायचे: डोळ्यांनी पाहायचे, हाताने चाचपायचे, बोटाने ठोकून आवाज ऐकायचा आणि स्टेथोस्कोप लावून ऐकायचे. पोट तपासताना मात्र क्रम बदलतो. तिथे आधी ऐकतात, मग ठोकतात व चाचपतात, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात. या चारपैकी तीन गोष्टी अंगाला हात टेकल्याशिवाय होतच नाहीत.

त्या बाळंतिणीच्या जवळ कोणी बसले असते तर काय कळले असते? मोठ्या माणसाचा श्वास शांतपणे बसला असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो ३० च्या पुढे गेला तर धोका मोठा. निरोगी फुफ्फुसावर ठोकले की पोकळ आवाज येतो. न्यूमोनियाने भरलेल्या भागावर दबका येतो. स्टेथोस्कोप लावला की तिथे बारीक चुरचुर ऐकू येते.

बाळंतिणीचा ताप आणि धाप इतर कारणांनीही येते. प्रसूतीनंतर गर्भाशय बेंबीच्या आसपास कडक गोळ्यासारखे हाताला लागते आणि रोज साधारण एक बोट खाली उतरते. ते मऊ आणि दुखरे लागले, स्रावाला दुर्गंधी आली, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती गुठळी फुफ्फुसात गेली तरी धाप लागते, छातीत दुखते. पारा यातले काहीच वेगळे करून सांगत नाही.

हात लावला असता तर ती वाचली असती, असे म्हणता येणार नाही. न्यूमोनियावरची प्रतिजैविके तेव्हा वापरात नव्हती. पण निदान, शुश्रूषा आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहणे, एवढा तिचा हक्क होता.

सावळ्या अंगावर काय पाहावे

पुस्तकांतली वर्णने पुष्कळदा गोऱ्या कातडीवरून लिहिलेली असतात. सावळ्या चेहऱ्यावर फिकटपणा किंवा निळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. जीभ, ओठांची आतली बाजू, तळहात आणि नखेही पाहावीत. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. सूज आलेली जागा लाल दिसली नाही तरी हाताच्या मागच्या बाजूला ती गरम लागते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही काळ्या त्वचेवर कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसले आहे. रोग्याला धाप लागलेली दिसत असेल तर केवळ आकड्यावर समाधान मानू नये.

आपण काय विचारावे

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशा ताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन आई व बाळाला पाहायचे असते. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ताई आल्या की मोकळेपणाने सांगा, “ताई, बाळाचा श्वास मोजून पाहा.” दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, ते अंगावर पीत नसेल किंवा हाताला गार लागत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आईला ताप, जास्त रक्तस्राव, धाप किंवा फिट आली तरी तसेच.

तपासणीपूर्वी हात धुतले जावेत, पडदा ओढला जावा आणि कुठे हात लावणार ते आधी सांगितले जावे, हे मागण्यात संकोच नको. हातमोजे रक्त, जखम, स्राव यांच्यासाठी असतात. नाडी पाहायला किंवा रक्तदाब मोजायला एरवी ते लागत नाहीत. शेजारच्या खाटेवरची नाडी उघड्या हाताने आणि आपली हातमोजे घालून पाहिली जात असेल, तर कारण विचारायला हरकत नाही.

आपल्या घरांतल्या कितीतरी मुली आज नर्सिंग शिकत आहेत. त्यांच्यासाठी एकच सांगणे. कामाच्या घाईत श्वासाचा आकडा न मोजताच १८ किंवा २० असा लिहून टाकण्याची सवय वॉर्डात सहज लागते. तसे करू नका. नाडीवर बोटे ठेवा आणि तशीच ठेवून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत श्वास मोजा. त्या बाळंतिणीच्या वाट्याला हे एक मिनिटही आले नव्हते.