अणू हलण्याआधी

फेनिलॲलानिन हे आपल्या शरीरातल्या प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल. डाळ, दूध, अंडी यांतून आपण ते रोज खातो. 2014 साली इटलीतल्या मिलान शहरात फ्रान्चेस्का कालेगारी, माउरो निसोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवून लावला आणि त्याच्या जाण्याने रेणूत उठलेली खळबळ मोजली. रिकाम्या झालेल्या जागेचा विद्युतभार रेणूच्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकत होता आणि परतत होता. एका येरझारेला लागत होते 4.3 फेमटोसेकंद!

एका फेमटोसेकंदात प्रकाश मीटरच्या एक कोटीव्या भागाइतकी तीन पावलं, म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी लहानसा अंश चालतो. फेमटोसेकंदाचा हजारावा हिस्सा म्हणजे ॲटोसेकंद. विश्वाच्या जन्मापासून आजवर जेवढे सेकंद सरले, त्यांच्या दुपटीहून जास्त ॲटोसेकंद एका सेकंदात मावतात.

रेणूंमधल्या अणूंची हालचाल टिपायला फेमटोसेकंदांचे लेझर स्पंद पुरतात. त्यासाठी अहमद झेवेल यांना 1999 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉन मात्र त्याहून कितीतरी चपळ. शिवाय नेहमीच्या अवरक्त लेझरच्या एका लहरीलाच अडीच-तीन फेमटोसेकंद लागतात. स्पंद त्याहून आखूड करणार कसा?

वाट इलेक्ट्रॉननेच दाखवली. 1987 साली ॲन लुइलिए यांनी फ्रान्समध्ये तीव्र अवरक्त लेझर निष्क्रिय वायूतून सोडला, तेव्हा मूळ प्रकाशाच्या अनेक पट कंपनसंख्येचे किरण बाहेर पडले. लेझरचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूतून ओढून काढतं; लहर उलटली की तो झोपाळ्यासारखा मागे येऊन अणूवर आदळतो आणि कमावलेली ऊर्जा अतिनील प्रकाशाच्या रूपात सोडतो. असे किरण नेमके जुळले की ॲटोसेकंदांचे स्पंद तयार होतात. 2001 साली प्येर आगोस्तिनी यांनी 250 ॲटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका मोजली, फेरेन्क क्राउस यांनी 650 ॲटोसेकंदांचा एक सुटा स्पंद वेगळा काढला. 2023 चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांचं.

मिलानमध्ये असाच 300 ॲटोसेकंदांहून आखूड स्पंद फेनिलॲलानिनवर पडला. पाठोपाठ अवरक्त स्पंद, दर वेळी किंचित वेगळ्या अंतराने. रेणूच्या एका विशिष्ट तुकड्याचं प्रमाण त्या अंतरानुसार चढत-उतरत होतं, आणि त्या चढउतारातच इलेक्ट्रॉनांची लय सापडली. ती रेणूच्या कंपनांहून वेगवान होती. म्हणजे अणूंची जड केंद्रं प्रतिसाद देण्याआधीच विद्युतभाराने फेरी मारली होती.

पानातलं प्रकाशसंश्लेषण असो किंवा किरणोत्सर्गाने डीएनएला होणारी इजा, सुरुवात इलेक्ट्रॉनच करतात. रेणूचा कोणता बंध तुटेल, हे पुष्कळदा त्या पहिल्या क्षणांत ठरू लागतं. ते क्षण आता मोजता येतात. पुढची आकांक्षा त्यांना हवं तसं वळण देण्याची आहे.