फायरवॉल बदलली, तरी डाउनलोड चालूच

ऑफिसातली फायरवॉल बंद पडते, शेजारची राखीव फायरवॉल काम हाती घेते आणि डाउनलोड मात्र अडखळत नाही. कसं? फायरवॉल फाटकावरच्या वॉचमनसारखी असते. कोण कोणाशी बोलतंय, बोलणं कुठवर आलंय, हे ती वहीत टिपते; नोंद नसलेलं मधलंच पॅकेट परतवते. म्हणून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जन्मलेली पीएफसिंक ही यंत्रणा वहीतले बदल जोडीदार राखीव फायरवॉलला सतत कळवते.

खरी कसोटी लागते ती पीएफसिंकचा कोड नव्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, नेताना. उदाहरणार्थ, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पूर्वी अख्ख्या वहीला एकच कुलूप होतं. २०१४ च्या आवृत्ती १० मध्ये ओळीओळीला कुलपं आली. अनेक प्रोसेसर एकदम लिहू लागले, वेग वाढला. पण एक प्रोसेसर नोंद जोडीदाराला पाठवत असतानाच दुसऱ्याने ती खोडली तर? कर्नलच कोसळू शकतो. त्यामुळे कोणतं कुलूप आधी घ्यायचं, कधी सोडायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. माझ्या मते सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सुंदर काम हेच.